जुना झाउरस मुका का होतो?

झाउरस, म्हणजे शार्प कंपनीचा खिशातला जुना संगणक, सुरू होतो, पडदा उजळतो, गाण्याची वेळ दाखवणारी पट्टी पुढे सरकत राहते आणि हेडफोनमध्ये मात्र शुकशुकाट. यंत्र वीस वर्षांपूर्वीचं असलं की आपण लगेच निदान करून मोकळे होतो: स्पीकर गेला, नाहीतर आवाजाची चिप जळली. प्रत्यक्षात चिप खरोखर मेलेली असणं फार विरळा. बॅटरीवर चालणारं एवढंसं यंत्र बनवताना आवाजाचा प्रत्येक टप्पा गरज नसेल तेव्हा बंद राहील, अशीच त्याची रचना केलेली असते. गप्प राहणं ही त्याची मूळ अवस्था. आवाज यायला कितीतरी गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात आणि त्यातली एक जरी राहिली, तरी यंत्र कसलीही तक्रार न करता गप्प बसतं. कुठली राहिली हे शोधून काढता येतं, आणि बहुतेक वेळा स्क्रूड्रायव्हरला हातही लावावा लागत नाही.

इथे मी शार्प झाउरस एसएल-सी३००० डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. झाउरस हे नाव जपानात १९९३ पासूनचं. सी३००० आला नोव्हेंबर २००४ मध्ये: तळहातावर मावणारा, वहीसारखा उघडणारा, बारीक कीबोर्डचा, ६४० बाय ४८० चा सुरेख पडदा, इंटेलचा ४१६ मेगाहर्ट्झचा पीएक्सए२७० प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी आणि आत चक्क ४ जीबीची फिरती मायक्रोड्राइव्ह. ही मालिका शार्पने फक्त जपानात विकली. बाकी जगात ती आयात करणाऱ्यांमार्फत पोचली, मेनू जपानी, त्यामुळे लोकांनी त्यावर पीडीएएक्सरॉम, ओपनझाउरस, अँगस्ट्रॉम अशा निराळ्या लिनक्स प्रणाली चढवल्या. आवाजाच्या बऱ्याचशा तक्रारी इथूनच सुरू होतात. कारखान्यात बसवलेली आवाजाची घडी नव्या प्रणालीबरोबर मोडते, आणि ती पुन्हा बसवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

आवाजाची वाट कशी आहे ते आधी पाहू. गाण्याच्या फाइलमधून प्लेयर आकडे काढतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजात दर सेकंदाला, प्रत्येक कानासाठी, असे ४४,१०० आकडे. ते कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ड्रायव्हरकडे (आवाजाचा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) जातात, तिथून आयटूएस नावाच्या तारांवरून डब्ल्यूएम८७५० या चिपमध्ये. ही वोल्फसन कंपनीची चिप, आणि तिला कोडेक म्हणतात. तिच्यात आकड्यांचा विजेचा चढउतार होतो, तो एका मिक्सरमधून जातो, मग ॲम्प्लिफायर, मग चिपच्या बाहेर डाव्या-उजव्या कानासाठी एकेक म्यूटचं फाटक, आणि शेवटी जॅक किंवा स्पीकर. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यात पोचायला वाटेतलं प्रत्येक दार उघडं असावं लागतं, तसंच हे.

प्रोसेसर आणि कोडेक यांच्यात दोन वेगळ्या जोडण्या आहेत, हे लक्षात ठेवा. आयटूएसवरून आवाजाचे आकडे जातात. आयटूसीवरून हुकूम जातात: आवाज एवढा ठेव, हा स्विच उघड, त्या भागाला वीज दे. म्हणजे आकडे व्यवस्थित पोचत असूनही हुकूम चुकले म्हणून शांतता, असं होऊ शकतं. सगळ्यात जास्त वेळा तेच झालेलं असतं.

मधोमध तोडून पाहा

अशी लांब वाट तपासताना एका टोकापासून एकेक गोष्ट चाचपत बसू नये. मधोमध पाहावं, अर्धी वाट ठीक निघाली की ती सोडून द्यावी.

झाउरसमध्ये हा मधला ठिपका सापडतो घड्याळाने. बरोबर दहा सेकंदांची, साधी, न दाबलेली वेव्ह फाइल घ्या. सीडीच्या दर्जाची असेल तर ती साधारण १७,६४,००० बाइटची असेल. टर्मिनलमधून एप्ले या छोट्या प्रोग्रामने ती वाजवा आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघा. प्रोग्राम दहा सेकंदांनी संपला, तर आवाज ऐकू आला नसला तरी मोठी बातमी हाती आली: आकडे आयटूएसच्या ठेक्यावर चिपकडे जात आहेत. कारण एप्ले स्वतः वेळ मोजत नाही. पुढचे आकडे घ्यायला ड्रायव्हर जागा करून देईल तेव्हाच तो पुढे सरकतो. दहा सेकंद लागले म्हणजे फाइल, प्रोग्राम, ड्रायव्हर आणि घड्याळाची तार एवढं सगळं धडधाकट, आणि बिघाड चिपच्या आतल्या स्विचांपासून कानापर्यंतच्या भागात.

प्रोग्राम बराच वेळ अडकून राहिला आणि शेवटी इनपुट-आउटपुटची चूक दाखवून थांबला, तर आयटूएसचा ठेकाच सुरू झालेला नाही. हा ड्रायव्हरचा किंवा कर्नलचा प्रश्न. आणि साउंड कार्डच सापडत नाही असं तो लगेच म्हणाला, तर ड्रायव्हर चढलेलाच नाही. त्याची खात्री प्रॉक फोल्डरमधल्या असाउंडच्या कार्ड्स फाइलमध्ये होते. यंत्राचं कार्ड तिथे दिसलं पाहिजे. कर्नलमध्ये झाउरसच्या मॉडेलांना कुत्र्यांच्या जातींची नावं आहेत: एसएल-५५०० म्हणजे कॉली, सी७०० म्हणजे कॉर्गी, सी१००० म्हणजे अकिता, सी३००० म्हणजे स्पिट्झ, सी३१०० म्हणजे बोर्झोई. अकिता, स्पिट्झ आणि बोर्झोई तिघांचा आवाजाचा ड्रायव्हर स्पिट्झच्याच नावाने आहे. कॉर्गीत कोडेकच वेगळा, डब्ल्यूएम८७३१. त्यामुळे दुसऱ्या मॉडेलसाठी बनवलेली प्रणाली चढवली असेल, तर पडदा आणि कीबोर्ड चालू, आवाज बंद, असा प्रकार होतो.

मिक्सर: खरं गुपित इथे आहे

दहा सेकंदांची परीक्षा पास झालेलं यंत्र मुकं असेल, तर अल्सामिक्सर, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या आणि स्विच दाखवणारा प्रोग्राम, उघडा. साध्या डेस्कटॉपवर दोनतीन पट्ट्या दिसतात. इथे पट्ट्यांची रांग संपता संपत नाही, आणि अनेकजण हेडफोनची पट्टी वर करून, काही झालं नाही म्हणून, तिथेच नाद सोडतात.

डब्ल्यूएम८७५० ला वीज मिळते तेव्हा ती कुठल्या अवस्थेत जागी होते ते पाहिलं की सगळं उलगडतं. सॉफ्ट म्यूट, म्हणजे चिपच्या आत आकड्यांनाच गप्प करणारा स्विच, चालू. मिक्सरचे स्विच बंद. ॲम्प्लिफायरची वीज बंद. म्हणजे आकड्यांचा आवाज झाला तरी तो मिक्सरमध्ये शिरायला वाटच नसते. लेफ्ट मिक्सरमध्ये डाव्या बाजूचा प्लेबॅक स्विच आणि राइट मिक्सरमध्ये उजव्या बाजूचा प्लेबॅक स्विच हे दोन्ही हाताने चालू करावे लागतात. पट्टी नाही, फक्त म्यूटची खूण असलेले हे दोन रकाने रांगेत कुठेतरी उजवीकडे लपलेले असतात. ते सुरू न करता बाकी काहीही वर करून उपयोग नाही.

दुसरा सापळा पट्ट्यांच्या आकड्यांत आहे. हेडफोनची पट्टी ० ते १२७ अशी आहे. चिपच्या हिशेबात १२७ म्हणजे अधिक ६ डेसिबल, १२१ म्हणजे शून्य डेसिबल, आणि ४८ म्हणजे सगळ्यात हळू आवाज. त्याखालचे, ० ते ४७, हे सगळे आकडे म्हणजे पूर्ण शांतता. अल्सामिक्सर मात्र साधी टक्केवारी दाखवतो. म्हणून ३७ टक्क्यांवर ठेवलेला आवाज हा कमी आवाज नसून पूर्ण बंद आवाज असतो. पीसीएम नावाची दुसरी पट्टी तर आणखी फसवी. तिच्यावर ० ते २५५ असे आकडे, प्रत्येक पायरी अर्ध्या डेसिबलची, आणि सगळ्यात वर २५५ ला शून्य डेसिबल. ही पट्टी निम्म्यावर, म्हणजे १२८ वर ठेवली, की आवाज उणे ६३.५ डेसिबलवर जातो. एवढा हळू आवाज चालत्या पंख्याच्या खोलीत कुणालाही ऐकू येणार नाही. सभ्यपणे दोन्ही पट्ट्या मध्यावर ठेवणाऱ्या माणसाचं यंत्र त्यामुळेच मुकं राहतं. पीसीएम सरळ शंभर टक्क्यांवर ठेवा आणि आवाज कमीजास्त करायला हेडफोनचीच पट्टी वापरा. पण तेव्हा हेडफोन कानात नको, शेजारी टेबलावर हवेत, कारण अडलेली वाट मोकळी होते तेव्हा आवाज एकदम येतो.

तिसरी गोष्ट स्पिट्झच्या ड्रायव्हरची स्वतःची. जॅक फंक्शन नावाचा एक पर्याय आहे. त्यात हेडफोन, माइक, लाइन, हेडसेट आणि ऑफ अशा निवडी. एकाच भोकात हेडफोनही बसतो आणि माइकही, म्हणून कुठल्या कामासाठी ते वापरायचं हे यंत्राला सांगावं लागतं. माइक किंवा लाइन निवडलेलं असेल, तर दोन्ही कानांची म्यूटची फाटकं बंद होतात. हेडसेट निवडलं, तर माइकला जागा देण्यासाठी डाव्या कानाचं फाटक बंद होतं आणि फक्त उजवा वाजतो. एका कानात आवाज येतोय म्हणून जॅक उघडून झाळकाम करायला निघालेल्यांनी आधी हा पर्याय हेडफोनवर आणून पाहावा. शेजारी स्पीकर फंक्शन असा दुसरा पर्याय आहे. तो बंद असेल तर स्पीकरची पट्टी कितीही वर करा, काही होणार नाही.

वीज कुणाला मिळते

एवढे स्विच का, असा प्रश्न पडतो. उत्तर बॅटरीत आहे. लियम गर्डवुड आणि रिचर्ड पर्डी यांनी याच प्रकारच्या यंत्रांसाठी लिनक्समध्ये आवाजाची नवी व्यवस्था लिहिली. ती २००७ मध्ये २.६.२१ या कर्नलमध्ये अधिकृतपणे दाखल झाली. तिचं ब्रीद असं: कोडेकच्या आतल्या प्रत्येक भागाला वीज तेव्हाच द्यायची, जेव्हा आकड्यांपासून कानापर्यंतची वाट सलग जोडलेली असेल. मध्ये एक स्विच बंद असला, की पुढच्या भागाला वीजच मिळत नाही. पुढे हीच व्यवस्था लिनक्स चालवणाऱ्या असंख्य फोनांत पोचली, आणि मला याचं खरोखर अप्रूप वाटतं.

शोध घेताना याचा फायदा करून घेता येतो. शांत खोलीत हेडफोन लावून फाइल सुरू करा आणि पहिल्या क्षणी कान द्या. बारीकसा टक् किंवा हलकी फस्स ऐकू आली, तर ॲम्प्लिफायरला वीज मिळाली, म्हणजे वाट सलग आहे, जॅकही ठीक आहे. मग दोष पीसीएमच्या पट्टीत किंवा सॉफ्ट म्यूटमध्ये शोधावा. काहीच ऐकू आलं नाही, तर एखादा स्विच बंद आहे, फाटक बंद आहे, किंवा जॅकचा संपर्क नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही मिक्सरमध्ये दिसत नाही. या चिपला आयटूसीवरून हुकूम लिहून देता येतात, पण तिच्यात काय लिहिलंय हे परत वाचता येत नाही. म्हणून ड्रायव्हर स्वतःकडे नोंद ठेवतो आणि अल्सामिक्सर ती नोंद दाखवतो. म्हातारी बॅटरी मोठ्या आवाजाच्या झटक्याने क्षणभर खाली गेली आणि कोडेकची वीज हुकली, तर चिप पुन्हा आपल्या मूळ, मुक्या अवस्थेत जाते. ड्रायव्हरला हे कळतच नाही. मिक्सरमध्ये सगळं उत्तम दिसतं आणि आवाज शून्य. पट्टी आहे तिथेच पुन्हा ठेवून काही होत नाही, कारण नोंदीत बदल नसेल तर हुकूम जात नाही. अशा वेळी यंत्र एकदा झोपवून उठवा. उठताना ड्रायव्हर आपली सगळी नोंद चिपमध्ये नव्याने लिहितो आणि बहुतेकदा आवाज परत येतो. हा प्रकार वारंवार होत असेल, तर मिक्सर सोडून बॅटरी बदला.

दोन पिढ्यांचं भांडण

शार्पची मूळ प्रणाली २.४ कर्नलवर चालते आणि तिथे ओएसएस ही जुनी आवाजपद्धत आहे. नव्या प्रणाल्या २.६ वर, तिथे अल्सा. जुन्या पद्धतीत डीएसपी नावाची एक फाइल असते आणि ती सहसा एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळते. बटणांचे टिकटिक आवाज वाजवणाऱ्या डेस्कटॉपने ती धरून ठेवली, की प्लेयरला मिळत नाही. फ्युझर या आज्ञेने कुणी धरलीय ते कळतं. नव्या प्रणालीवर जुना प्रोग्राम चालवायचा असेल, तर अल्साचं ओएसएस रूप दाखवणारं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) चढवावं लागतं, नाहीतर डीएसपी फाइलच नसते. मग एप्ले वाजतो, गेम वाजत नाही, असं कोडं पडतं. त्यात कोडं काही नाही.

आवाज येतो, पण नीट येत नाही

गाणं चालू आहे, तबला आणि तंतुवाद्यं पोकळ घुमतायत, आणि गायक जवळजवळ गायब. हे हमखास जॅकचं लक्षण. दोन्ही कानांची परतीची तार एकच असते. तिचा संपर्क तुटला, की दोन्ही कानांतले स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि ऐकू येतो तो डाव्या-उजव्यातला फरक. गायकाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. झाउरसच्या भोकात माइकसाठी चौथा संपर्क असल्यामुळे आजच्या मोबाइलचे माइकवाले हेडफोन तिथे जुळतीलच असं नाही. साधे, तीन संपर्कांचे, माइक नसलेले हेडफोन लावून पाहा. प्लग जरा मागे ओढल्यावर सूर भरून आला, तर कारण सापडलं.

भोकातल्या पितळी पट्ट्यांवर काळसर थर बसतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात तर पावसाळ्याचे चार महिने हवेतच ओल असते. यंत्र बंद करा, बॅटरी काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला प्लग अनेकदा आतबाहेर करा आणि पूर्ण वाळू द्या. गंज सोडवायचं तेल फवारू नका, मागे राहिलेला चिकटपणा धूळ धरतो. हेडफोन वाजतो पण स्पीकर वाजत नाही, तेव्हाही आधी हे भोकच साफ करावं. प्लग आत आहे की नाही हे तिथूनच कळतं, आणि चिकटलेली पट्टी यंत्राला प्लग आतच आहे असं सांगत राहू शकते.

सूर चढलेला वाटत असेल, तर तो भास नाही. ४४,१०० आकड्यांचं गाणं ४८,००० च्या ठेक्यावर वाजलं, की ते सुमारे ९ टक्के वेगाने पळतं. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं मग काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी ऐकू येतं. पेटी जवळ असेल तर लगेच पडताळता येईल. दोष प्लेयरच्या किंवा अल्साच्या सेटिंगमधल्या आकड्यात असतो.

आणि अडखळणं. पीएक्सए२७० मध्ये दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा वेगळा भाग नाही. ते गणित सॉफ्टवेअरने सोडवावं लागतं आणि त्यात प्रोसेसर दमतो. म्हणून एमपी३ साठी पूर्णांकांवर चालणारी मॅड ही लायब्ररी आणि ऑग फाइलींसाठी ट्रेमर वापरणारा प्लेयर निवडा. फरक जमीनअस्मानाचा आहे. सी३००० मध्ये याच्या जोडीला मायक्रोड्राइव्ह आहे. वीज वाचवायला ती थांबते, पुन्हा फिरायला वेळ घेते, आणि १६ केबीचा बफर, म्हणजे आधी भरून ठेवलेला साठा, असेल तर त्यात जेमतेम ९३ मिलिसेकंदांचा आवाज मावतो. प्लेयरचा बफर वाढवा, किंवा गाणी एसडी कार्डावर ठेवा.

आवाज मनासारखा लागला, की त्याच क्षणी अल्साकंट्रोलची स्टोअर आज्ञा द्या आणि सुरू होताना रिस्टोअर चालेल अशी व्यवस्था करा. नाहीतर पुढच्या रीबूटला सगळे स्विच पुन्हा बंद.

एवढं करूनही टक् नाही, फस्स नाही, जॅक स्वच्छ आहे, प्रणाली बदलून पाहिली, तरच कोडेक गेला असं म्हणावं. स्पीकरपुरतं बोलायचं तर मल्टिमीटर लावा. तो अशा छोट्या स्पीकरमध्ये साधारण ८ ओहम दाखवतो, आणि टोकं टेकवताना स्पीकरने हलकी चरचर केली तर तो जिवंत आहे. कोडेक गेलेल्या सी३००० लाही एक वाट उरते. त्याच्या यूएसबी पोर्टला दुसरी उपकरणं जोडता येतात, आणि कर्नलमध्ये यूएसबी ऑडिओचं मॉड्यूल असेल, तर एखादं साधं यूएसबी साउंड कार्ड चालतं. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला १.४ मेगाबिट लागतात आणि पोर्टचा वेग १२ मेगाबिट आहे, त्यामुळे अडचण वेगाची नाही. करंट मात्र त्या पोर्टमधून थोडाच मिळतो, म्हणून मध्ये स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालणारा हब घालावा.